हौदाची पेनल्टी

अण्णा दारात उभे होते, पायातल्या चपला न काढता.

"आत या की अण्णा," मी म्हणाले.

"नको ग. इकडं आलोवतो, म्हटलं बघून जावं."

इकडं म्हणजे बुरूज पेठेत. माझे वडील हिंदुराव साळोखे हौद पेठेतले. दोन पेठांच्या मधे एक रस्ता आणि एक पिठाची गिरणी, एवढंच अंतर. पण हौद आणि बुरूज यांची मॅच असली, की त्या आठवड्यात अण्णा तो रस्ता ओलांडत नसत. गिरणी अर्धी बुरुजाची म्हणून पीठसुद्धा लांबून दळून आणायला लावत. आणि ही मॅच तर दुसऱ्याच दिवशी होती, सीझनमधली शेवटची.

कोल्हापूरबाहेरच्या माणसाला हे सांगून पटत नाही. इथे पेठ म्हटली की तालीम आली आणि तालीम म्हटली की फुटबॉलची टीम आली. सकाळी ज्या पोरांनी लाल मातीत अंग घुसळायचं, त्यांनीच संध्याकाळी बूट घालायचे. आमची दगडी हौदाची तालीम आणि समोरची बुरुजाखालची तालीम यांची ईर्षा कधी सुरू झाली ते कुणालाच माहीत नाही, पण ती संपवावी असंही कुणाला वाटत नव्हतं. अशात अण्णांनी आपली एकुलती एक मुलगी बुरुजात दिली. तीही बुरुजाचा बॅक उदय सरनाईक याला, ज्याच्या अंगावरून हौदाचा एकही पोरगा धड पुढे गेला नव्हता. उदय मला बघायला आले तेव्हा अण्णांनी नोकरी विचारली, शेत विचारलं, मग बराच वेळ पानाला चुना लावत बसले. उठताना आईला म्हणाले, "पोरगा चांगला हाय. तालीम वाईट हाय. काय करायचं?"

"उदयराव कामावर?" त्यांनी दारातूनच विचारलं.

"होय. फर्स्ट शिफ्ट. चारला येतील."

"गुडघा बरा हाय न्हवं त्यांचा?"

"बरा आहे."

"म्हंजे उद्या खेळणार."

"खेळणार की."

"खेळू दे. खेळायलाच पायजे," अण्णा म्हणाले आणि तिथेच उभे राहिले.

मी सवयीने आत जाऊन तांब्या भरून आणला आणि मग माझ्या लक्षात आलं. मुलीला मूल होईपर्यंत तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, हा अण्णांचा नेम होता आणि माझ्या लग्नाला नुकतं दीड वर्ष होत होतं. मी तांब्या धरून उभी, अण्णा चपला घालून उभे. आमच्या दोघांच्या मधे उंबरा.

"काही बोलायचं होतं का अण्णा?"

"न्हाई ग. काय बोलायचं? उद्या येणार न्हवं तू?"

"येणार."

"सासूजवळच बस. आमच्याकडं बघू नको," असं म्हणून ते वळले आणि गिरणीच्या बाजूने निघून गेले.

ते कशाला आले होते हे मला कळलं होतं. न कळायला मी काय दुधखुळी होते?

त्या वर्षी हौद पहिल्यापासून हरत होता. गोलकीपर दुबईला गेला, चांगला फॉरवर्ड दुसऱ्या तालमीने पळवला, आणि उरलेल्या पोरांची माझा धाकटा भाऊ इंद्रजित कशीबशी मोट बांधून होता. शिवरात्र झाली तेव्हा तीन मॅच उरल्या होत्या आणि हौद सगळ्यात खाली होता. जो खाली राहील तो खालच्या गटात जाणार. अख्ख्या पेठेने आशा सोडली. चहावाला म्हणायचा, पुढच्या वर्षी तिकीट काढायला नको, खालच्या गटाच्या मॅच फुकट असतात. एकटे अण्णा हौदाच्या कठड्यावर बसून म्हणायचे, "अजून गणित जुळतंय."

घरात आईला वैताग आला होता. मी माहेरी गेले की सांगायची, "जेवतानासुद्धा ताटात शेंगदाणे मांडतोय बाबा हा माणूस. हे आपण, हे ते, ते हरले की आपण वर. आमटी गार होऊन जाती, पण शेंगदाणे काय उचलत न्हाई."

तीनपैकी पहिली मॅच बरोबरीत सुटली. अण्णा म्हणाले, जुळतंय. दुसरी शेवटच्या मिनिटाला हरलो. अण्णा दोन दिवस बोलले नाहीत, तिसऱ्या दिवशी म्हणाले, "बुरुजाला हरवलं की जुळतंय." बुरुजाला हरवणं म्हणजे काय, हे त्यांच्याइतकं कुणाला ठाऊक नव्हतं. बुरुजाचा दुसरा नंबर पक्का होता, त्यांना त्या मॅचमध्ये ना काही मिळायचं होतं ना काही जायचं होतं. आम्हाला मात्र जिंकायलाच हवं होतं.

अण्णा हा काही नुसता टाळ्या पिटणारा माणूस नव्हता. ज्या टीमने हौदाला वरच्या गटात आणलं, त्या टीममध्ये ते स्वतः होते. त्यात त्यांचा पाय मोडला तो नीट बसलाच नाही. तेव्हापासून पोरांना मातीत घोळवायचं, मॅचला निघताना प्रत्येकाच्या कपाळाला आखाड्यातली लाल माती लावायची आणि गोलमागच्या जाळीला नाक लावून बसायचं, हेच त्यांचं आयुष्य. ते मला एकदा म्हणाले होते, "खाली गेलो की पोरं दुसऱ्या तालमीत जाणार, मालन. त्यांचं तरी काय चुकलं? आणि पोरं गेली की तालमीला कुलूप. मी मग सकाळी उठून जायचं कुठं?"

चारला उदय आले. ते बुटाची नाडी सोडत असताना मी सांगितलं, "अण्णा आले होते."

त्यांचा हात थांबला. "मॅचच्या आदल्या दिवशी? काय म्हणाले?"

"काही नाही. तुमचा गुडघा विचारला."

उदय हसले आणि मग हसायचे थांबले. "हे बघ मालन, उद्याचं मला काही सांगू नकोस. मी खेळणार म्हणजे खेळणार."

"मी कुठं काय बोलले?"

"तोंडानं नाही बोललीस."

मी चुलीकडे वळले. त्यांचं बरोबरच होतं. माझं कुंकू बुरुजाचं झालं होतं, पण घसा अजून हौदाचाच होता.

दुसऱ्या दिवशी स्टेडियममध्ये मी बायकांच्या बाजूला सासूबाईंजवळ बसले. सासूबाई घरात मोठ्याने बोलत नसत. स्टेडियममध्ये मात्र पदर खोचून रेफ्रीच्या सात पिढ्यांचा उद्धार करत. समोर बुरुजाची गर्दी होती, झेंडे होते, हलगी होती. हौदाची माणसं एका कोपऱ्यात, लग्नाला आलेल्या लांबच्या पाहुण्यांसारखी बसलेली.

आमची पोरं कपाळाला माती लावून उतरली आणि काय खेळली म्हणून सांगू! सबंध सीझन कुठे दडवलं होतं कुणास ठाऊक. इंद्रजित तर अंगात वारं शिरल्यासारखा पळत होता. पण प्रत्येक वेळी गोलजवळ गेलं की मधे माझा नवरा. डोक्याने बॉल बाहेर, पायाने बॉल बाहेर, एकदा तर इंद्याला आडवा पाडून बॉल बाहेर. सासूबाई मांडीवर थाप मारून "वाघ हाय माझा!" म्हणायच्या आणि मी मान हलवायची. खरं सांगते, त्या वेळी मला त्या वाघाचा राग राग येत होता.

पहिला हाफ गेला. दुसराही संपत आला. गोल नाही कुणाचाच. गोलमागच्या जाळीशी अण्णांची टोपी दिसत होती, ती जागची हलत नव्हती.

आणि हौदाला कॉर्नर मिळाला. ऊन कलतं झालं होतं. बॉल उंच आला. उदयच्या आसपास हौदाचं कुणी नव्हतं, एकटेच होते ते. त्यांनी वर बघितलं, उडी घेतली, आणि सगळ्या स्टेडियमच्या देखत त्यांचा उजवा हात वर गेला. बॉल हातावर आपटला.

शिट्टी वाजली. पेनल्टी.

क्षणभर कुणालाच काही कळलं नाही. मग बुरुजाच्या गर्दीतून एक आवाज आला, "सासऱ्याला आहेर केला रं!" झालं. हलगीवाल्याने ते उचललं. "सासऱ्याला आहेर! सासऱ्याला आहेर!" शिव्या, हशा, चपला, सगळंच सुरू झालं. सासूबाई सावकाश माझ्याकडे वळल्या आणि त्यांनी माझ्याकडे जे बघितलं ते मी अजून विसरले नाही.

पण मला त्याचं काही वाटलं नाही. माझा ऊर भरून आला होता. माझ्यासाठी केलं यांनी. अण्णा उंबऱ्यात उभे राहून गेले, ते यांना समजलं. एक शब्द न बोलता समजलं. असा नवरा कुणाला मिळतो?

इंद्यानं बॉल ठेवला. इंद्याची पेनल्टी चुकत नसे. लहानपणापासून हौदाच्या भिंतीवर कोळशाने गोल काढून त्यात बॉल मारत तो मोठा झाला होता. तो चार पावलं मागे गेला आणि स्टेडियम गप्प झालं.

त्या शांततेत अण्णा जाळी धरून उभे राहिले.

"इंद्या, भाईर मार!"

आधी कुणाला ते खरं वाटेना. इंद्यालाही वाटलं नाही. त्यानं मान वर केली.

"भाईर मार म्हंतोय न्हवं! आहेरावर जगायचं न्हाई आपल्याला!"

उदय दोन्ही हात हलवत अण्णांकडे धावले, काहीतरी ओरडत होते. रेफ्रीने त्यांना मागे लोटलं. इंद्या एकदा अण्णांकडे बघत होता, एकदा दाजींकडे. त्याच्या वयाच्या दुसऱ्या कुठल्याही पोराने ऐकलं नसतं. पण ज्या माणसाने कपाळाला माती लावून पाठवलं, त्याचा शब्द हौदात कुणी मोडत नसे. इंद्या पळत आला आणि त्यानं बॉल लाथाडला तो गोलच्या इतका बाहेर, की चुकून गेला असं कुणी म्हणू नये.

मग काय झालं सांगू? सगळं स्टेडियम उठून उभं राहिलं. आमचंही आणि बुरुजाचंही. ज्या तोंडांनी आहेराची आरोळी दिली होती, तीच तोंडं "हिंदुराव साळोखे!" म्हणून ओरडायला लागली. थोड्या वेळाने मॅच संपली. हौद खालच्या गटात गेला. पोरं मैदानात बसून रडत होती आणि लोकांनी अण्णांना खांद्यावर घेतलं होतं. खांद्यावर बसलेल्या माणसाचा चेहरा असा असतो होय? मला तर मयत उचलून नेताहेत असं वाटलं.

आठवड्याने मी माहेरी गेले. अण्णा माडीवर एकटे बसले होते.

"मी मागायलाच आलोवतो ग त्या दिवशी," ते म्हणाले. "जीभ रेटली न्हाई. मला वाटलं, गप निघून आलो म्हंजे वाचलो. पण उदयरावांनी ओळखलं. तोंडानं न मागता दारात उभं ऱ्हाणं, ते मागणंच की. आहेर म्हणून ओरडली ती माणसं, ती काय खोटं ओरडली? भाईर मार म्हटलं नसतं, तर मला परत तुझ्या दारात येता आलं नसतं."

"तालीम गेली पण अण्णा."

"गेली," ते म्हणाले.

बुरुजाने उदयना पुन्हा बूट घालू दिले नाहीत. तालमीत बैठक बसली. "डोळ्यावर ऊन आलं होतं," एवढंच त्यांनी सांगितलं, आणि सगळे हसले. मला कळलं तेव्हा मीसुद्धा मनात हसले. चारचौघांत बायकोचं नाव घेता येत नाही म्हणून बिचारा उन्हाचं नाव सांगतोय, असं मला वाटलं. गल्लीतून जाताना पोरं मागून आहेर, आहेर करायची. हे मान खाली घालून जायचे. मला मात्र त्या मानेचा अभिमान वाटायचा. पुढे संसारात काय कमी भांडणं झाली? पण कितीदा तरी तोंडापर्यंत आलेला शब्द मी तो वर गेलेला हात आठवून गिळला.

हौदाचं मात्र अण्णा म्हणाले होते तसंच झालं. पोरं एकेक करून गेली. इंद्याने त्या दिवसानंतर बॉलला पाय लावला नाही, तो चाकणला कंपनीत लागला. पुढची दोन वर्षं अण्णा कठड्यावर बसून परत वर यायचं गणित मांडत होते, मग एका सीझनला टीम उतरवायलाच माणसं पुरेनात आणि गणित थांबलं. तालमीला कुलूप लागलं. आता तिथे एक आचारी लग्नाची भांडी ठेवतो. अण्णांकडे उरली ती पेनल्टी. चौकात कुणी नवा माणूस आला की लोकच त्याला घेऊन यायचे, अण्णा, सांगा की, भाईर मार कसं म्हणालासा ते. अण्णा सांगायचे.

गेल्या वर्षी अण्णा गेले. हौदाच्या कट्ट्यावर शोकसभा झाली. बुरुजाची म्हातारी माणसंही आली होती. एकामागून एक उठायचा आणि तीच गोष्ट सांगायचा. हार पत्करली पण आहेर घेतला नाही, असा माणूस पुन्हा होणे नाही. बायका डोळे पुसत होत्या. इंद्या पहिल्या रांगेत खाली मान घालून बसला होता, अर्धे केस पांढरे झालेला.

आम्ही दोघं चालत घरी निघालो. अजून पुरता अंधार पडला नव्हता. गिरणी ओलांडल्यावर उदय थांबले.

"मालन, ऊनच होतं."

"कसलं ऊन?"

"त्या दिवशी. मी वर बघितलं तर बॉल दिसेचना, सगळं पांढरं झालं. डोळ्यावर हात धरायला गेलो आणि बॉल येऊन हातावर आदळला."

मला आधी काही समजलंच नाही. मग एकेक समजायला लागलं. "मग अण्णांकडे धावत जाऊन तुम्ही काय ओरडत होता?"

"तेच. मुद्दाम नाही केलं, मारू दे त्याला, म्हणून. कोण ऐकतंय!"

"म्हणजे पेनल्टी खरी होती."

"शंभर टक्के खरी."

"इंद्यानं मारली असती तर गोल झाला असता."

"झाला असता."

"आणि हौद वर राहिला असता."

रस्त्यातून एक रिक्षा गेली, तिला आम्ही बाजू दिली.

"मला का नाही सांगितलं?" मी विचारलं.

"सांगणार होतो. घरी आलो, तर तू दारात उभी होतीस. लग्न झाल्यापासून माझ्याकडं तसं कधी बघितलं नव्हतंस. म्हटलं, आजच्या दिवस राहू दे, उद्या सांगू. मग उद्या सांगायचं परवावर गेलं. मग अण्णांचं इतकं नाव झालं, की सांगायची सोयच राहिली नाही."

मी रस्त्यातच खाली बसले. अण्णांना नेलं तेव्हासुद्धा मी अशी रडले नव्हते. कुणावर रागवायचं? अण्णांनी फुकट गमावलं होतं सगळं, तालीम, पोरं, सकाळी उठून जायची जागा. इंद्यानं फुकट गमावलं होतं. आणि मी? माझ्यासाठी कुणी काही केलंच नव्हतं. एका माणसाच्या डोळ्यावर ऊन आलं होतं, आणि त्यावर मी उभा संसार रेटला होता. उदय शेजारी उभे होते, मला उठवायला हात पुढे करावा की नाही हे त्यांना कळत नव्हतं.

दुसऱ्या दिवशी सकाळी इंद्या निघण्याआधी आमच्याकडे आला. मी त्याच्यासाठी चटणीचा डबा भरत होते. तो आत आला आणि एकदम वाकून त्यानं उदयच्या पायांवर डोकं ठेवलं.

"दाजी, तुमी आमच्यासाठी तालीम सोडलीसा. लोकांच्या शिव्या खाल्ल्यासा. आणि मी बॉल भाईर मारला. अण्णा होते तवर माफी मागता येईना, त्यांना कमीपणा आला असता. आज मागतोय."

उदयनी माझ्याकडे बघितलं. सांगायचं का, असं ते नजरेनंच विचारत होते. इंद्या उठला तो माझ्याकडे वळला. त्याचे डोळे भरले होते.

"आक्का, खरं सांग. लई वर्षं मनात हाय. अण्णांनी बरोबरच केलं न्हवं?"

डब्याचं झाकण लागत नव्हतं. मी ते दोन्ही तळव्यांनी दाबून लावलं.

"बरोबर केलं," मी म्हणाले. "चल, आवर. गाडी चुकंल तुझी."